वहीत सोडलेल्या जागा

४ सप्टेंबर

मावशी,

तीनदा फोन केला, एकदाही उचलला नाहीस. आईनेही केला. ती म्हणते, "तुझी मावशी रिटायर झाल्यापासून महाराणी झालीय, दर्शनच देत नाही." म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यापासून कुणाला कागदावर लिहिण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

आधी वाईट बातमी. शरीरशास्त्रात नापास झाले. शंभरात एकतीस. डिसेंबरात फेरपरीक्षा आहे. तीत घसरले तर नर्सिंगच्या कोर्समधून नाव कमी करतात. आईला मी "जरा कमी पडले" एवढंच सांगितलंय. किती कमी, ते नाही. तूही बोलू नकोस.

आणि मला कळत नाहीये ते हे, की मी अभ्यास केला नव्हता असं अजिबात नाही. या एका विषयाच्या माझ्या चार वह्या भरल्यात. बाई खोकल्या तरी खारू लिहून घेते, असं माझी खोलीतली मैत्रीण म्हणते. (ती दारातून वाकून आत येते, म्हणून आम्ही तिला बांबू म्हणतो.) पेपरात हृदयाचा प्रश्न आला आणि माझ्या डोळ्यांसमोर अख्खं पान उभं राहिलं. डावीकडचं पान, वरून तिसरी ओळ, निळी शाई. पण त्या ओळीत लिहिलंय काय, ते काही केल्या दिसेना! पान हजर, मजकूर गायब.

बाई भराभर बोलतात, माझं निम्मं सुटतं. म्हणून माझी मागणी अशी: मला शॉर्टहँड शिकव. कोर्टात तीस वर्षं तू वकिलांचा शब्द खाली पडायच्या आत झेललास. तसं मला जमलं तर बाईंचा एक शब्द सुटणार नाही. पत्रातून शिकवता येतं का? रोज एक तास द्यायला तयार आहे.

तुझी,
खारू


११ सप्टेंबर

खारू,

अक्षराला हसले नाही. तू लहानपणी खारीसारखी बसची तिकिटं, बटणं, पेनांची टोपणं गोळा करायचीस, तेव्हापासून तुझं अक्षर तस्संच आहे. फोनचं म्हणशील तर लाइनमध्ये भयंकर खरखर येते. तू पत्रच लिहीत जा. मला आवडलं.

एकतीस! बरं झालं सांगितलंस. ताईला माझ्याकडून कळणार नाही. पण तुझ्याकडून कळू दे, आणि लवकर.

शॉर्टहँड शिकवणार नाही. रागावू नकोस, कारणं ऐक. एक म्हणजे नीट हात बसायला वर्ष जातं, आणि तुझ्यापाशी आहेत तीन महिने. दुसरं कारण जरा लाजिरवाणं आहे. एका खटल्यात एक साक्षीदार अडीच तास बोलत होता. न्यायाधीशांनी मधलं एक वाक्य वाचून दाखवायला सांगितलं. मी जसंच्या तसं वाचलं, अगदी तो कुठे अडखळला त्यासकट. सगळे चाट पडले. संध्याकाळी तुमच्याकडे आले, तर ताईने विचारलं, "आज कसली केस होती गं?" मी नुसता आ वासून बसले. साक्षीदार पुरुष होता, याच्या पलीकडे मला काही सांगता येईना. शब्द कानातून आले आणि हातातून निघून गेले, मधे चहालासुद्धा थांबले नाहीत.

ते माझं कामच होतं. समजून घेत बसले असते तर हात मागे पडला असता. पण तुला ते शब्द नंतर लागणार आहेत, पेपरात आणि उद्या पेशंटच्या खाटेपाशी.

तेव्हा निम्मं सुटतं म्हणून तू नापास झालीस, हे मला पटत नाही. मग कशाने झालीस? ते मला माहीत नाही, पण डोक्यात भुंगा लागलाय खरा. असं कर, मागच्या आठवड्यातला एखादा तास घे. वही बंद कर आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही. बांबूलाही लिहायला लाव. दोन्ही कागद मला पाठव.

मावशी


२१ सप्टेंबर

मावशी,

दोन्ही कागद सोबत आहेत. त्या तासात वीस मुद्दे होते. बांबूला चौदा आठवले आणि मला पाच. त्यातले दोन मला तिच्या कागदात डोकावून आठवले, पण ते तू कागदावर बघशीलच, खाडाखोड आहे.

आता गंमत ऐक. त्या तासाची माझी नऊ पानं आणि तिचं सव्वा पान! त्यातही तीन रंग. मला असा मत्सर वाटला की दुसऱ्या दिवशी पाच रंगांची पेनं आणली आणि सगळी वही रंगवून काढली. आठवड्याने परत परीक्षा घेतली. सहा! पाच रंग मिळून एक मुद्दा वाढला. वही दिसते मात्र झकास.

वर्गातली एक मुलगी सगळे तास फोनवर रेकॉर्ड करते. तिच्याकडे आता चाळीस तासांचं बोलणं साठलंय, आणि ते ऐकायला चाळीस तास कुठून आणायचे, म्हणून ती रोज थोडी जास्त घाबरते. बांबूला विचारलं, तू नेमकं काय करतेस? ती म्हणाली, "काय करते म्हणजे? ऐकते. ऐकून झालं की लिहिते." यातून माणसाने काय घ्यायचं?

आणि तुझ्या फोनचं काय आहे? आईने टेलिफोनचा माणूस पाठवला होता ना? तो म्हणाला, लाइन एकदम खणखणीत. शिवाय आई दोनदा तुझ्याकडे येऊन गेली, एका मंगळवारी आणि एका गुरुवारी, पाच वाजता. दोन्ही वेळा कुलूप. तिला वाटतंय तू तिच्यावर कशावरून तरी रुसलीयेस, आणि ती गेल्या वर्षभरातली तुमची दोघींची सगळी भांडणं आठवत बसलीये. जातेस कुठे?

खारू


३० सप्टेंबर

खारू,

ताईला सांग, रुसले नाही. मंगळवारी आणि गुरुवारी मी एका वर्गाला जाते. कसला ते विचारू नकोस. जमलं तर सांगेन, नाही जमलं तर कुणाला कळायला नको.

पण तुझे कागद मी चार वेळा वाचले आणि मला एक गोष्ट करून बघावीशी वाटते. तासाला पेन खाली ठेव. बाईंच्या तोंडाकडे बघत राहा, वहीकडे नाही. तास संपला की बाहेर जाऊन कुठेतरी बस आणि दहा मिनिटांत आठवेल ते तुझ्या शब्दांत लिही. जे आठवणार नाही तिथे सरळ जागा सोड. पुस्तकात बघून भरू नकोस. दुसऱ्या दिवशी विचारून भर.

भीती वाटेल. पहिले दोन-तीन तास वर्गात उघडंवाघडं बसल्यासारखं वाटतं. मग मान वर ठेवायची सवय होते. मला कसं माहीत, म्हणशील. मी स्वतः करून बघतेय, म्हणून सांगते. सगळ्या तासांना कर.

मावशी


१६ ऑक्टोबर

मावशी,

केलं. सगळ्या तासांना केलं. हृदयाचा तास खरंच गोष्टीसारखा आठवला, रक्त कुठून निघालं, कुठे गेलं, कुठल्या दारातून परत आलं. मी खूश होते.

परवा चाचणी झाली. रक्तातल्या कुठल्या घटकाचं प्रमाण किती असावं, त्याची. नुसते आकडे. वीसपैकी दोन. तोंडाकडे बघून आकडे डोक्यात राहत नाहीत, मावशी! बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "वही कुठे आहे?"

मी म्हटलं, "लिहिलं नाही, बाई."

"का?"

काय सांगणार? मावशीने सांगितलं म्हणून? त्या म्हणाल्या, "उद्या पेशंटच्या रक्ताचा अंदाज बांधणार आहात का?" सगळे हसले.

तू कुठल्या वर्गाला जातेस, काय करून बघतेस, ते मला सांगत नाहीस. मला मात्र कर म्हणतेस. तुझा वेळ मजेत जातो, पण इथे माझं नाव कमी होईल. मी पुन्हा सगळं लिहून घ्यायला सुरुवात केली आहे.

खारू


५ नोव्हेंबर

खारू,

तीन आठवडे उत्तर दिलं नाही, कारण खोटं लिहवेना आणि खरं लिहायला हात उठेना. आज लिहिते.

मला ऐकू येत नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही, पण पुष्कळ कमी, आणि डॉक्टर म्हणतात की हळूहळू आणखी जाईल. लाइन चांगली आहे. कानात यंत्र बसवलंय, पण फोन जवळ नेला की ते शिट्टी मारतं. म्हणून फोन वाजताना नुसता बघत बसते. दिवा लागतो ना त्याचा.

रिटायर व्हायला दोन वर्षं बाकी असताना मी नोकरी सोडली, तेव्हा सगळ्यांना सांगितलं की कंटाळा आला. कंटाळा नव्हता आला. एका साक्षीत माणूस म्हणाला, "मी त्याला तिथे पाहिला नव्हता." मी लिहिलं, "पाहिला होता." वाचून दाखवलं तेव्हा समोरचा वकील ताडकन उठला, म्हणून लगेच दुरुस्त झालं. कुणी मला बोललंसुद्धा नाही, एवढ्या वर्षांत पहिलीच चूक म्हणून हसून सोडून दिली. पण त्या दिवशी तो वकील पेंगत असता तर? पुढच्या आठवड्यात मी अर्ज दिला.

मंगळवार-गुरुवारचा वर्ग ओठ वाचायचा आहे. वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही सात जण असतो, एक निवृत्त शिंपी, एक बस चालवणारे, एक माझ्याच वयाच्या गायिका. शिकवणाऱ्या बाई आवाज बंद करून नुसते ओठ हलवतात. पहिल्या दिवशी मी ऐटीत वही-पेन्सिल घेऊन गेले. इतकी वर्षं जे केलं तेच करणार ना! त्यांनी काहीतरी म्हटलं, मी लिहायला मान खाली घातली, वर बघते तो त्या तीन वाक्यं पुढे. असं चार वेळा झालं. मग त्यांनी माझ्या बाकावर टकटक केलं आणि वहीवर बोट ठेवून म्हणाल्या, "माझे ओठ यात नाहीत."

पेन खाली ठेवलं, तरी काही कळेना. तू आरशात बघून "बाबा" म्हण, मग "मामा" म्हण. आवाज न काढता. सांग फरक! बाईंनी विचारलं, "घरी कोण आलं?" शिंप्यांनी लिहिलं बाबा, मी लिहिलं मामा, आणि बस चालवणारे म्हणाले, "कुणी का येईना, दार उघडा." हसून हसून खोली दणाणली असावी, मला तसं वाटलं. शब्द ओठांवरून कळत नाही, गं. आधीचं वाक्य काय होतं, विषय काय चाललाय, यावरून कळतो. म्हणजे आधी समजायचं आणि मग ऐकायचं. मी आयुष्यभर नेमकं उलटं करत आले.

वर्ग सुटला की मी वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसते आणि आठवेल ते लिहिते. आठवत नाही तिथे जागा सोडते. कोर्टात कागदावर रिकामी जागा राहिली तर मला दरदरून घाम फुटायचा. इथे ती जागा घेऊन मी पुढच्या वेळी बाईंकडे जाते आणि विचारते. जे विचारून भरलं ते मात्र पक्कं बसतं, हे मी ताडून पाहिलंय.

हे तुला जसंच्या तसं कर म्हणाले, इथे चुकले. आमच्या वर्गात आकडे नसतात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. माझं औषध तुझ्या गळी उतरवलं. सगळ्यांसमोर तुला ऐकून घ्यावं लागलं, त्याचं मला फार वाईट वाटतं.

ताईला सांगू नकोस. तिच्यासमोर मी कायम तल्लख कानांची धाकटी बहीण आहे.

मावशी


११ नोव्हेंबर

मावशी,

तुझं पत्र वर्गात वाचायला घेतलं आणि मधेच उठून बाहेर गेले. मी तुला "मजेत वेळ जातो" असं लिहिलं होतं. ते वाक्य खोडता आलं तर बरं होईल.

मग वसतिगृहाच्या आरशासमोर मी आणि बांबू अर्धा तास बाबा-मामा करत उभ्या होतो. पापा पण तसंच दिसतं! पान, बाण, मान, तिन्ही एकच. न आणि ल मध्ये मला जिभेचं टोक दिसतं असं वाटतं, पण बांबू म्हणते मी फसवतेय. आता मला प्रश्नच प्रश्न पडलेत. मिश्या असलेल्या माणसाचं काय करता? भराभर बोलणारं कळतं, की अगदी सावकाश बोलणारं? आणि आवाज जात असताना आधी काय जातं, शब्दाची सुरुवात की शेवट? तुझा "नव्हता"मधला "नव्" गेला, म्हणून विचारते. आमच्या पुस्तकात कानावर दीड पान आहे, त्यात यातलं काहीच नाही.

तुझी पद्धत सोडते म्हटलं होतं, पण आठवड्यातच परत धरली, मोडून. हाताच्या पंजाएवढी कागदाची पट्टी घेते. तासाला तिच्यावर फक्त आकडे आणि अवघड नावं, बाकी काही नाही. मान वर. तास संपला की व्हरांड्यात टेकून दहा मिनिटं बाकीचं लिहिते आणि जागा सोडते. तीन दिवसांनी वही न उघडता पुन्हा कोऱ्या कागदावर. पहिल्यांदा नऊ, मग अकरा, मग एकदा आठ (त्या दिवशी सर्दी होती), मग तेरा.

काल बाईंपाशी गेले. म्हटलं, "बाई, मूत्रपिंडात आत गेलेलं पाणी पुन्हा रक्तात परत कुठे येतं?"

"हे मी सांगितलं होतं."

"हो बाई. पण माझ्याकडे तिथे जागा सुटलीय." आणि वही दाखवली.

त्यांनी वही हातात घेऊन दोन-तीन पानं उलटली. मला वाटलं, आता परत सगळे हसणार. त्या वर्गाकडे वळून म्हणाल्या, "हे कुणाकुणाला सांगता येणार नाही? खरं सांगा." आधी बांबूने हात वर केला. तिचा हात वर गेला की लपत नाही! मग एकेक करत एकोणीस हात. बाई खडू उचलून म्हणाल्या, "म्हणजे मी सांगितलं नव्हतं."

आईला एकतीसचं सांगून टाकलं. आधी ओरडली, मग रडली, मग विचारलं, "जेवतेस ना वेळेवर?" मावशी, तूही सांग तिला. ती अजून भांडणं आठवतेय. आता सहा वर्षं मागे गेलीये.

खारू


२४ नोव्हेंबर

खारू,

मिश्या म्हणजे संकटच. बस चालवणाऱ्यांनी आमच्यासाठी त्यांच्या कापून टाकल्या. फार सावकाश बोललेलं कळत नाही, कारण लोक मग तोंड वेडंवाकडं करतात. बाकीचे प्रश्न मी कानाच्या डॉक्टरांना विचारायला लिहून ठेवलेत. माझ्याजवळ उत्तरं नाहीत.

रविवारी ताईकडे गेले. दार उघडताच ती पाठ करून आत चालायला लागली आणि बोलत राहिली. काहीच कळलं नाही. नेहमी मी "हो ना" म्हणून वेळ मारून नेते. या वेळी तिचा दंड धरला आणि तिला माझ्याकडे वळवलं. म्हटलं, "ताई, पाठमोरी बोललीस तर मला ऐकू येत नाही. वर्ष-दीड वर्ष झालं."

ती म्हणाली, "म्हणजे तू फोन उचलायचीस तेव्हा मी जे जे बोलले ते..."

"काहीच ऐकलं नाही."

"अगं, मी तुझी माफी मागितली होती!"

"कशाबद्दल?"

तिला आता सांगायचं नव्हतं. फार आग्रह केला तेव्हा म्हणाली, "सुनेसमोर मी तुझ्यावर ओरडले होते, बहिरी आहेस का म्हणून, त्याबद्दल." दोघी एवढ्या हसलो की तुझा दादा काय झालं म्हणून धावत आला. नंतर ती स्वयंपाकघरात बराच वेळ नळ सोडून उभी होती. रडणं ऐकू येऊ नये म्हणून.

परीक्षेला पट्टी नेता येत नाही, हे लक्षात आहे ना? आकडे रोज लिही.

मावशी


१९ जानेवारी

मावशी,

निकाल आईने तुला सांगितला असेलच, तरी माझ्या हाताने लिहिते. अठ्ठावन्न. बांबूला तिच्या तीन रंगांत ब्याऐंशी, आणि तिने माझी पट्टी वापरून बघितली तर तिचं डोकं दुखलं. ज्याचं त्याला. रेकॉर्डवाली मात्र आता आमच्याबरोबर व्हरांड्यात बसते.

पण पत्र त्यासाठी नाही. या आठवड्यापासून आम्हाला वॉर्डात पाठवतात. सात नंबरच्या खाटेवर एक आजोबा होते. त्यांच्या तक्त्यावर लिहिलं होतं: "गोंधळलेले. उत्तरं विसंगत." दोन दिवस प्रत्येक पाळीने तेच पाहून पुढे तेच लिहिलेलं. मी विचारलं, "पोटात दुखतंय का?" ते म्हणाले, "मुलगा शनिवारी येतो." बरोबरची मुलगी म्हणाली, "बघ, तेच."

मीही तेच लिहिणार होते. पेन टेकवलं होतं. तेवढ्यात दिसलं की ते माझ्या डोळ्यांकडे बघत नाहीयेत. माझ्या मास्ककडे बघतायत, जिथे तोंड असतं तिथे. इतक्या आशेने की मला पुढे लिहवेना.

मोठ्या सिस्टरांची परवानगी काढली. खुर्ची उजेडात ओढली, समोर बसले, मास्क खाली केला आणि पुन्हा विचारलं. त्यांनी बोट ठेवून दाखवलं कुठे दुखतं. कधीपासून ते सांगितलं, रविवार सकाळपासून. कुठल्या इंजेक्शनने मागे अंग सुजलं होतं, तेही सांगितलं, नावासकट. तेच इंजेक्शन त्यांना दुपारी द्यायचं म्हणून ट्रेमध्ये काढून ठेवलेलं होतं.

मी मोठ्या सिस्टरांना बोलावलं. त्यांनी ट्रे बाजूला करायला लावला, डॉक्टरांना फोन केला आणि मग तक्ता उघडून ती ओळ आडवी रेघ मारून खोडली. पेन माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "तू ऐकलंस, तूच लिही."

मला पानभर लिहावंसं वाटत होतं. मी दोनच ओळी लिहिल्या. इंजेक्शनचं नाव, त्याखाली लाल रेघ. आणि दुसरी: "यांना ऐकू कमी येतं. समोर बसून, तोंड दिसेल असं बोलावं."

संध्याकाळी गेले तेव्हा दुसऱ्या पाळीची नर्स खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलेली होती, आणि आजोबा तिला मुलाविषयी सांगत होते.

खारू